उरलेली जागा

फळा शाळेचा. भंगारात चाळीस रुपयांना मिळाला.
'मोटार भरून मिळेल' एवढं लिहायला घेतला होता.
ते लिहून झालं आणि खाली जागा उरली.
उरलेल्या जागेचंच हे सगळं.

पहिल्या दिवशी काय लिहिलं ते सांगायची लाज वाटते.
त्यात जीवन दोनदा होतं, आणि सागर होता.
सेलूत कुणी पाहिलाय सागर?
फार तर दुधना भरलेली, तीही पुलावरून.
मोंढ्यातला मुंजाजी हमाल थांबला,
पाठीवर गोणी तशीच.
ओठ हलवत वाचलं, म्हणाला,
"कोण वारलं रे?"

त्या रात्री सागर ओल्या फडक्यानं पुसला.
भुकटी नखात राहिली, जेवताना दिसली.

मग जे दुकानात येईल ते लिहू लागलो.
'एका बाईनं पंखा आणला. सासऱ्याचा, म्हणाली.
माणूस गेला, किरकिर चालूच आहे.'
त्या दिवशी लोक थांबले.
दोघं हसले, एक जण हसता हसता गप्प झाला.

मी मोजायचो.
जळालेल्या मोटारींच्या वहीत, मागच्या पानावर:
आज अकरा. आज चार.
आज एक, तोही चपलेचा अंगठा नीट करायला.

एकदा नालीवरून नगरपालिकेला झोडलं. छत्तीस!
दुसऱ्या दिवशी आणखी झोडलं. बावन्न,
आणि एकानं चहा पाजला.
तिसऱ्या दिवशी खडू उचलायच्या आधीच
हात कुणाला तरी शोधू लागला
शिवी द्यायला.
नाली तिथंच होती. पण मला आता नालीचं काही नव्हतं.
तेव्हा घाबरलो.

आणि मग भादव्यात ते लिहिलं.
'मोठी बहीण रात्री अंगणात सायकल शिकते.
पडली की आधी इकडंतिकडं बघते,
मग गुडघ्याकडं.'
नाव नव्हतं टाकलं.
सेलूत नाव टाकावं लागत नाही.

शालूताईनं सायकल भंगारात दिली.
त्याच भंगारवाल्याला, ज्याच्याकडून फळा आला.
मला बोलली काहीच नाही.
भाकरी वाढली, मीठ वाढलं, आत गेली.

ओळी चांगल्या होत्या.
अजूनही चांगल्याच वाटतात.
तेच खुपतं.

अकरा दिवस फळ्यावर फक्त मोटार भरून मिळत होती.

बाराव्या दिवशी समोरून जिलानीचाचा उठून आले,
स्टोव्ह दुरुस्तीवाले, रॉकेलचे हात पुसत.
"सायमा रिकामीच घरी येऊ लाली, उस्ताद."
मला कळेना.
त्यांना मराठी वाचता येत नाही.
नात शाळेतून येताना पाठ करून जायची,
रात्री जेवताना त्यांना म्हणून दाखवायची,
पंखा, नाली, सगळं.
सायकलचं ऐकून म्हणाले होते, "ये बात अच्छी नहीं की उसने."
तरी दुसऱ्या दिवसाची वाट बघितली.
माझ्या वहीत ते कधीच नव्हते.
मी थांबणारे मोजत होतो.

मोटार भरताना वेढे मोजावे लागतात.
कमी पडले तर तापते,
जास्त झाले तर जोर राहत नाही.
त्याचं कोष्टक आहे, भिंतीला चिकटवलेलं, काळं पडलेलं.
ओळींचं तसलं काही वर्षभरात सापडलं नाही.
एवढंच की
जळाल्याचा वास आधी येतो,
आणि तो आपल्यालाच येतो,
नाक बंद केलं नाही तर.

आज वर्ष झालं.
सकाळी फळा दोनदा धुतला. बराच वेळ उभा राहिलो.
मग लिहिलं:
'जुनी लेडीज सायकल पाहिजे.
घंटी नसली तरी चालेल. चौकशी आत.'

मुंजाजीनं ओठ हलवत वाचलं,
"आज नीट लिहिलंस बघ," म्हणाला,
आणि गोणी दुसऱ्या खांद्यावर घेतली.