शुक्रवार पेठ, वरचा मजला

बदलीचा कागद एप्रिलच्या नऊ तारखेला आला,
तेव्हापासून घरात एक वही आहे,
मागच्या पानापासून लिहायला घेतलेली.
भाडं. पाणी. शाळेचं अंतर. ऊन कुठल्या बाजूनं.
आणि शेवटी आखलेला एक रकाना,
ज्याला काय नाव द्यावं ते हेमराजला सुचेना,
मला सुचलं होतं.

चंद्रपूरहून इथवर यायला एक दिवस, एक रात्र
आणि वेणूच्या दोन उलट्या लागल्या.

पहिलं घर ताराबाई पार्कात.
गेटवर बोगनवेल, कुत्र्यापासून सावध राहा.
"डॉक्टर लोकांची वस्ती आहे, मॅडम," एजंट पोवार म्हणाले.
"आम्ही विचार करून राहिलो," मी म्हटलं,
तर ते गालात हसले,
माझ्या 'करून राहिलो'ला की भाड्याला, कळलं नाही.

राजारामपुरीत गल्ल्यांना आकडे.
हे बरंय, वेणू म्हणाली,
हरवले तर पाढा म्हणत घरी यायचं.
(पाढ्यात ती अडखळत नाही.)
फ्लॅट तिला आवडला. गॅलरीतून कुणाचा तरी पेरू दिसत होता.
मालकांनी आडनाव विचारलं. पुन्हा विचारलं.
मग गाव, मग गावातली गल्ली.
मग त्यांना आठवलं
की फ्लॅट पुतण्यासाठी ठेवलाय.
रिक्षात हेमराजनं वही उघडली,
तो शेवटचा रकाना पाहिला,
आणि पेनाचं टोपण लावून टाकलं.

शाळांचं वेगळंच.
एकीत प्रवेशअर्जापेक्षा देणगीचा कागद जाड.
एकीत मुलाखत आमचीच:
घरी इंग्रजी बोलता का?
"घरी आम्ही भांडतो," हेमराज म्हणाला, "मराठीत."
मी हसले. यादीत नाव आलं नाही.

मग नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावरची ती शाळा,
पत्र्याची शेड, मैदानात एकच गोलपोस्ट,
दुसऱ्याच्या जागी दोन चपला.
बाई फळा पुसत होत्या.
नाव काय गं तुझं?

'व' म्हणजे वेणूसाठी बंद दार.
ओठ दाताखाली गेला, मान ताठ झाली.
आठ वर्षं मी हे दार तिच्या आधी उघडत आलेय,
तेव्हाही माझी जीभ उठलीच होती,
पण बाईंनी माझ्याकडं पाहिलंच नाही.
घंटा झाली. पोरं आमच्यामधून पळत गेली.
डस्टर हातात तसंच धरून
बाई थांबल्या,
जणू त्यांना आज दुसरं काही कामच नव्हतं.

"वे… णू."
"वेणू. बरं. खिडकीकडं बसणार की भिंतीकडं?"

घर मग शाळेवरूनच शोधलं.
"पाणी इथं येतच नाही," पोवार जिन्यात सांगत होते,
तोच खालून लोहारकाकू कडाडल्या,
"कोण म्हंतंय येत न्हाई? एकोणीस साली हितपतोर आलंतं!"
सगळ्या भिंतीला नवा पिस्ता रंग,
फक्त दाराशेजारी हातभर जागा तशीच सोडलेली,
तिच्यात मातकट रेघ.
वेणू जाऊन रेघेखाली उभी राहिली.
डोक्यावर चार बोटं.

"वर तुम्ही, खाली आम्ही," काकू म्हणाल्या,
"पाणी आलं की आमचा बोजा तुमच्यात.
आठ दिस एका चुलीवर भात.
चालत असंल तर बघा, न्हाईतर आत्ताच सांगा."
आडनाव?
त्यांनी विचारलं एवढंच,
"तिखट खाता न्हवं?"

पोवार मला बाजूला घेऊन म्हणाले,
मुलगी लहान आहे, पुराचा भाग, विचार करा.
केला.
वहीत लिहिलं, पाणी: येतं.
शाळेचं अंतर: तीनशे बारा पावलं,
वेणूनं मोठ्यानं मोजलेली, एकदाही न थांबता.

शेवटच्या रकान्याला नाव अजून नाही.
पहिल्या तारखेला वेणू त्यात स्वतःची उंची लिहिते,
खाली जाऊन, रेघेला पाठ लावून,
काकू डोक्यावर पट्टी धरतात.
जून, जुलै.
अजून साडेतीन बोटं.