एक जून

नवतपा संपायला अजून एक दिवस.
नंदनवनातल्या वरच्या खोलीत
कूलरपुढे टेबल ओढून मी केक ठेवला,
मधोमध खचलेला,
खचल्या जागी संत्र्याचा मुरंबा भरून
कसाबसा सपाट केलेला.

इतवारीतून नोझल आणलं होतं, चांदणीच्या तोंडाचं.
ते कशातच बसेना.
मग दुधाची पिशवी धुतली, कोपरा कापला.
पहिलं फूल गोगलगायीसारखं आलं.
दुसरं आलंच नाही.
तिसऱ्याला पिशवीच फुटली.

आत्याचा हा पहिला केक. वाढदिवस बासष्टावा,
तारीख मास्तरांनी ठरवलेली:
शाळेत घालताना कोणाला आठवेना,
म्हणून अख्ख्या वर्गाला एक जून.
घरात म्हणत, ही तर थंडीतली,
तुरीच्या शेंगा भरल्या तेव्हाची.

नाव लिहायला घेतलं. कौतिका.
क बरा जमला. काना सरळ.
वरच्या दोन मात्रा काढेपर्यंत
क्रीम पातळ, त्यात कूलरचे तुषार.
मात्रा घसरल्या,
काठावरून ताटात उतरल्या.

आत्या भर उन्हाची आली,
तोंडाचा ओला दुपट्टा सोडत वाकली, वाचलं:
"कातिका."
मी म्हटलं, थांब, दुरुस्त करतो.
"राहू दे ना बे," ती म्हणाली,
"दाखल्यावर बी हेच आहे."

अन् ताटातल्या दोन्ही मात्रा
बोटानं पुसून खाल्ल्या,
एकामागून एक.
मग विचारलं, साखर कमी काऊन?