भाग तिसरा

भूमच्या टेकडीवर, टॉवरखाली दोन खोल्या:
एकीत यंत्रं, दुसरीत आम्ही.
मधली भिंत एकच, म्हणून हिवाळ्यात ऊब
आणि उन्हाळ्याचं बोलायलाच नको.
पप्पा प्रक्षेपण केंद्राचे तंत्रज्ञ.
गाव त्यांना टीव्हीवाले धोत्रे म्हणायचं
आणि चित्र हललं की
आणखी काहीबाही.

रविवारी सांजेला ती मालिका लागायची.
अंतराळयान, सगळे इंग्रजी बोलणारे.
भूमनं मग आपली नावं पाडली.
कप्तान तो पाटील,
पांढऱ्या केसांची ती सुईण,
आणि जो खोकी उचलायचा, दारं उघडायचा,
दोन भागांत मिळून ज्याला चार वाक्यं आली
तो सालगडी.

हे नाव लिंबाजीचं.
लिंबाजी होळ्यांच्या खव्याच्या भट्टीवर,
पाडव्याला ठरलेला, पुढच्या पाडव्यापर्यंत.
टीव्ही होळ्यांच्या ओसरीत,
हा खिडकीबाहेर उभा, उलथणं हातात तसंच,
अंगाला आटलेल्या दुधाचा वास.

तिसऱ्या भागात यान एका ग्रहावर उतरलं.
नुसता काळा दगड, बालाघाटात असतो तसा.
पोरं ओरडली, अरे हे तर आपलं गायरान!
मग धुळीतून काहीतरी उठलं.
सगळे यानाकडं पळाले.
सालगडी राहिलेलं खोकं आणायला मागं फिरला
आणि तिथंच
टेकडीची लाइन तुटली.

गावात वीज होती. पडद्यावर मुंग्या.
अकरा मिनिटं.
पप्पांकडं बॅटरीवरचा वीतभर मॉनिटर होता.
आकाशातनं आलेलं चित्र त्यात उतरत होतं,
पुढं जात नव्हतं.
साऱ्या तालुक्यात शेवट एकट्या पप्पांनी पाहिला.
मी भिंतीअल्याड सतराचा पाढा लिहीत होते.

सकाळी लिंबाजी कॅन घेऊन टेकडी चढून आला.
आमचा रतीब दुसऱ्याकडं होता.
"साहेब, आला का वरी?"
पप्पांनी चष्मा पुसला. लई वेळ पुसला.
"आला की. पाटील स्वतः उतरला त्याच्यापायी.
यान अर्ध्यात गेलेलं, वळवून आणलं."
"वळवून?"
"वळवून."
लिंबाजीनं दूध ओतलं, आईनं ठेवलेलं पातेलं
काठापर्यंत आलं तरी ओतत राहिला.

पुढच्या रविवारी सालगडी दिसला नाही.
त्याच्या पुढच्याही नाही.
"साहेब, गडी दिसंना गेलाय."
"तो आता आत असतो रे. इंजनापाशी."
लिंबाजी हसला.
"हां. मग कुटनं दिसंल."

परवा फोनवर तो भाग सापडला.
यानाच्या भिंती पुठ्ठ्याच्या,
एक बटण तर सरळ सदऱ्याचं.
ती अकरा मिनिटं मी पहिल्यांदा पाहिली.
यान वळत नाही.
कप्तान वहीत एक ओळ लिहितो.
सुईण विचारते, खोकं आलं का?
मग सगळे जेवायला बसतात.

पप्पांना बोलले नाही.
त्यांना आता कमी ऐकू येतं,
आणि हे तर मुळीच आलं नसतं.
केंद्र बंद झालं तेव्हा आणलेली नोंदवही
माळ्यावर होती, उंदरांनी कडा खाल्लेली.
त्या तारखेपुढं निळ्या शाईत:
७.३१ वीज खंडित. ७.४२ पूर्ववत.
शेरा: काही नाही.

त्या पाडव्याला म्हणे
लिंबाजीनं होळ्यांना भर बैठकीत विचारलं,
"मालक, मी कुटं मागं राहिलो
तर वळून येचाल का?"
लोक पोट धरून हसले.
होळे म्हणाले, ह्याला टीव्हीनं बिघडवलं.
साल ठरलं नाही.
तो बार्शीकडं गेला. कुणी म्हणतं पुण्याला.
कुठल्या इंजनापाशी असतो, माहीत नाही.