एक दिवसाआड

रामबागेत आम्ही पाणी आलं म्हणत नाही,
नर्मदा आली म्हणतो.
येते एक दिवसाआड, पहाटे पाच ते पावणेसहा.

शोभना चौरे तेव्हा एमवायच्या चौथ्या मजल्यावर असते,
प्लास्टिकच्या झग्यात,
कुणाच्या तरी बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावत.

मार्चमध्ये आम्ही थाळ्या वाजवल्या.
मी तर परात घेतली होती,
तिची कड अजून चेपलेली आहे.
एप्रिलमध्ये ती जिना चढून गेली
की मी कठड्यावर फिनेल ओतायचो.
हे लिहायला नको होतं.
लिहिलं.

मग एका पहाटे जिन्याखाली
तिची निळी बादली दिसली,
पालथी, कोरडी ठणठणीत.
इकडे माझा हौद ओसंडून गटारात चाललेला.

भरली. वर नेली.
झाकण नव्हतं म्हणून तीच परात ठेवली.

पुढच्या खेपेला तिच्या दाराशी
आधीच पितळी हंडा होता खांडेकरांचा,
आणि इस्त्रीवाल्या रमजानभाईंचा तेलाचा डबा,
घासून घासून वास घालवलेला.
कुणी कुणाला विचारलं नव्हतं.
पुराणिकांच्या धाकटीने खडूनं लिहिलं होतं,
‘ताईचं पाणी. हात लावू नये.’

आठला ती येते. चपला खालीच काढते.
मग वरून पाण्याचा आवाज,
एक तांब्या, अजून एक, अजून.
आम्ही खाली चहा घेत ऐकतो.
मधेच कधी आवाज थांबतो,
बराच वेळ थांबतो,
तेव्हा कप हातातच राहतो.

परात तिनं परत केली, लख्ख घासून.
कड तशीच.