झाकण

कुतायसीच्या जुन्या बाजारात, रविवारी,
वारलाम आपल्या मोटारीच्या बॉनेटवर घोंगडी पसरतो
आणि कॅमेरे मांडतो, वाळत घातल्यासारखे.
मोटार चालत नाही. कॅमेरे चालतात.

मी विचारलं, बॅटरी कुठे घालायची?
त्यानं असं पाहिलं, जणू घोड्यात पेट्रोल कुठून ओततात
असं मी विचारलं होतं.
‘आधी वजन बघ,’ म्हणाला.
पाऊण किलो तरी असेल. एक कोपरा
कुणाच्या तरी अंगठ्यानं झिजून पितळेवर आलेला.

‘हा वेग. हे छिद्र. हे अंतर.
चौथं काही शोधत बसू नकोस, नाहीये.’

आणि उजेड मोजायला?
मीटरचा काटा एका कोपऱ्यात आडवा पडला होता.
‘तो मेलाय. जिवंत होता तेव्हाही थापाच मारायचा.
ऊन कडक, सावलीला धार: सोळा.
ढग: आठ.
चर्चच्या आत: दोन,
भिंतीला टेक आणि श्वास धर.’
मग समोर मक्याचं पीठ विकणाऱ्या बाईकडे बोट केलं.
‘सांग.’
आठ?
‘तिच्यावर ताडपत्रीची सावली आहे. परत बघ.’
मी परत बघितलं. बाईनंही माझ्याकडे बघितलं,
कोपरापर्यंत पिवळे हात कमरेवर ठेवून.
चार, म्हणाले.
तो काही बोलला नाही. किंमत दहा लारींनी उतरवली.

‘आधी फिल्म ओढायची, मगच वेग बदलायचा.
उलट केलंस तर आत एक दात मोडतो,
आणि तो दात बसवणारा बातुमीला गेला तो गेलाच.’

पैसे मोजताना मी भिंगाचं झाकण मागितलं.
त्यानं रुमाल दिला. झाकण नाही.
‘यात तू खिडकीतून बघतेस, भिंगातून नाही.
झाकण असलं तरी जग लख्ख दिसतं.
भावाच्या लग्नात मी छत्तीस फोटो काढले.
नवरी हसत होती, आजोबा टेबलावर चढून नाचत होते,
सगळं दिसत होतं मला.
रोल धुतला तर छत्तीस चौकटी कोऱ्या, काचेसारख्या,
पलीकडचा दिवा दिसत होता त्यांतून.
ग्रामितोन अजून विचारतो.
मी सांगतो, धुतोय.’

पुढच्या सीटवर बिस्किटांचा डबा होता,
झाकणांनी भरलेला.

रिओनीच्या पुलावर मी भिंग चाचपून पाहिलं.
उघडं. गार.
फिल्म ओढली. मग वेग. मग अंतर.
सोळा, म्हणाले मोठ्यानं,
आणि तेवढ्यात भिंगावर माझ्याच बोटाचा ठसा दिसला.
रुमाल काढून पुसेपर्यंत
ऊन गेलं.

आठ.