तुटायची जागा

फिशगार्डच्या उतारावर, बंद पडलेल्या चॅपेलला लागून
माझं दुकान. गळ, शिसं, दोऱ्या,
आणि थंडीत चहा, ओळखीच्यांना फुकट.

मार्चमधल्या एका मंगळवारी टेगवेन आली,
शाळेची बस चालवते ती.
हातमोजे दातांनी ओढत म्हणाली,
ग्लेनिस, कयाक घेतलीय. जुनी, नारिंगी.
आता काठी दे.

आणि हात थेट बाराफुटीकडे,
जी वाळूवर उभं राहून
लाटांच्या पलीकडे फेकायची असते.

बस खाली, मी म्हटलं.
इथे?
इथेच. पाय लांब कर. ही तुझी होडी.
बसली बिचारी लिनोलियमवर, ओल्या बुटांसकट.
आता मासा उजवीकडून निघाला,
नाकाखालून डावीकडे पळाला.
काठीचं टोक फिरव नाकाच्या पलीकडून.

बाराफुटीनं दिवा हलला, कॅलेंडर पडलं.
पाचफुटी होडीच्या नाकापर्यंतच पोचेना.
सातफुटी फिरली,
पण मूठ लांब, जॅकेटच्या बंदात अडकली.
आखूड मुठीची सातफुटी माळ्यावर एकच होती,
धुळीनं पांढरी.
फिरवली तिनं. एकदा. परत एकदा.
दुकानात कशालाही न लागता.

मग दोरी.
डोळे मिट, म्हटलं, आणि टोक बोटाला गुंडाळलं.
रीळ घेऊन मी दाराबाहेर, पार बेकरीच्या पायरीपर्यंत,
तिथून चहाच्या चमच्यानं टिचकी.
काही कळलं?
नाही.
ते नायलॉन. सगळं पोटात ठेवतं.
मग वेणीची दोरी, केसाहून जराशी जाड.
टिचकी मारायच्या आत आतून ओरडली,
कळलं!
बेकरीवाला इथेल कुणाशी बोलतोय तेही कळलं असेल.
वेणी चुगलखोर.
तळाला खडक की वाळू, सगळं सांगते.
फक्त शेवटचे दोन हात नायलॉनचे ठेव,
खडकावर वेणी लोण्यासारखी कापली जाते.

सगळ्यात पक्की दे, ती म्हणाली.

इथे मी स्टूल ओढून बसले.

भूशिरापाशी ओहोटी लागली
की पाणी चालत नाही, निघून जातं.
तुझं शिसं दोन खडकांच्या फटीत रुतलं,
दोरी पक्की, गाठ पक्की, मुठीवर तुझा हात पक्का,
आणि पाणी मागून ढकलतंय.
मग सांग, काय द्यावं लागेल?
होडी एका कुशीवर येते, टेगवेन,
माणूस एवढ्याशा गोष्टीनं ओला होतो.

तुटेपर्यंत ताणू नये, म्हणतात.
आम्ही काठावरची माणसं उलटं करतो,
ताण तर येणारच,
तुटायचं कुठे ते घरून ठरवून निघतो.

खणातून काढली गेल्या वर्षीची पिवळट दोरी.
शिशाला हीच बांधायची, वीतभर.
बाप माझा हिला कुजकं बूड म्हणायचा.
ही गेली की शिसं जातं, बाकी सगळं घरी येतं.

तिनं एक तुकडा दोन्ही हातांत धरला.
तट्.
दुसरा. तट्.
तिसऱ्याला खिडकीकडे वळून,
आवाज ओळखीचा व्हावा म्हणून असेल.
बावीस वर्षं, ती म्हणाली,
मी पक्क्याच गाठी मारत आले.
कशाच्या ते मी विचारलं नाही.
चहा निवला होता. तिला तसाच चालला.

जूनमध्ये आली, नाकाची साल निघालेली.
आठ शिसं दे.
मासे किती?
दोन पोलॅक. एक सोडला, लहान होता.
आणि शिसं?
सात गेली, म्हणाली, आणि हसली,
रोज संध्याकाळी काठी गोड्या पाण्यानं धुते,
काठीआधी कधी कुणाची इतकी सेवा केली नाही म्हणाली.

आणि ती पिवळी दोरी आहे का अजून?
संपली. ती विकत मिळत नाही, करावी लागते.

आता दक्षिणेच्या खिडकीत,
शिंपल्यांच्या पेटीशेजारी एक रीळ ठेवलंय,
वर चिकटपट्टी, टेगवेन प्रॉसर, विकायचं नाही.
ऊन येतं तेव्हा मी ते जरा वळवून ठेवते,
सगळीकडून सारखं कुजावं म्हणून.
पेम्ब्रोकशरचं ऊन हे,
दोन उन्हाळे तरी लागतील.