तळ

बाबा म्हणतात, "गाडगा कधी पुरता धुवचा नाय."
बोटभर कालचं तळाला ठेवायचं,
आज पोयीतून जे थेंब थेंब उतरेल
त्याला माडी व्हायचं शिकवायला.

त्या बोटभरातलं टोकभर
मी मिठबांवहून लॅबमध्ये आणलं,
काचेच्या ताटलीत रेघा ओढल्या, झाकणावर लिहिलं:
नागेश रेवंडकर, माड क्रमांक सात.
(सात हा आकडा अबकारीवाल्यांनी रंगवलेला.)
दोन दिवसांत यीस्टचे ठिपके,
ताकाचे शिंतोडे उडावेत तसे.

गोड असेपर्यंत ही पेशी धड श्वासही घेत नाही.
वारा असतो, खाडीवरून हवा तेवढा येतो,
पण पुढ्यात साखर असताना
कोण एवढा खटाटोप करणार?
श्वासाची बहुतेक जनुकं ती मिटून ठेवते,
नुसती फेसाळते, दारू करते.

साखर संपली की मात्र
केंद्रकातून माणसं निघतात. माणसं म्हणजे प्रथिनं;
बाबांना सांगताना मी माणसंच म्हणते.
तंतुकणिकेत एक जुनी चोपडी आहे,
अब्जावधी वर्षांपूर्वी ती पाहुणी आली
तेव्हा काखेत घेऊन आलेली.
बरीचशी पानं तिने केव्हाच केंद्रकाकडे ठेवायला दिली.
उरलेल्या मोजक्या ओळी
तिला एकटीला वाचता येत नाहीत.
या ओळीला हा वाचणारा, त्या ओळीला तो,
एक आला नाही तर ती ओळ तशीच मुकी.

सगळे आले की ती श्वास घेते,
आणि आपणच केलेली दारू
हळूहळू आपणच संपवते.

"म्हणान सांजची आंबट?"
नाही बाबा, ते दुसऱ्याच जिवाणूंचं काम.
ते जरा हिरमुसले.

मग मी त्यांना दुसरी ताटली दाखवली.
त्यात काही ठिपके निम्म्याच आकाराचे.
ग्लिसरॉलवर ठेवले तर उगवतच नाहीत.
यांची चोपडी फाटली किंवा हरवली,
वाचणारे येतात, दारात उभे राहतात.
साखर आहे तोवर जगतील.

बाबांनी ताटली उजेडाकडे धरली.
सकाळी सातव्या माडावर ते अर्ध्यात थांबले होते,
खोडाला गाल लावून,
मी खालून मोजत होते, किती वेळ.

"बारकी रवली," म्हणाले.
आणि मी नको नको म्हणत असताना
झाकण उचलून हुंगलं:
"वास आपलोच आसा."